बेटावरच्या धक्क्याचे दगड

ती तक्रार आजही आठवली की डोकं तेव्हासारखंच चक्रावतं. बुलडाणा जिल्हा कुठे आणि समुद्र कुठे! आणि घाटाखालच्या माझ्या ठाण्यात अर्ज आला, की माल चढवायचा धक्का चोरीला जातोय. मी ठाणे अंमलदाराला म्हटलं, "सकाळी सकाळी थट्टा करता का?"

थट्टा नव्हती. धरण झालं तेव्हा जुनं गाव पाण्याखाली गेलं आणि काठावर नवं वसलं. मधल्या उंचवट्यावरची शेतं मात्र बेट होऊन राहिली. कापूस, तूर सगळं होडीनं आणायचं. त्यासाठी गावकऱ्यांनी, पाणी चढायच्या आधीच, आपापली घरं पाडून त्यांचे दगड तिथे रचले आणि धक्का बांधला. आता तेच दगड नाहीसे होत होते. एक बाजू ढासळली होती आणि कापूस वेचणीला आला होता.

खबऱ्यानं होडीवाल्या चाचाचं नाव दिलं. त्याच्या होडीत दगड पाहिलेले. गाव खवळलं, याची होडी काढून घ्या म्हणू लागलं. मी त्याला ठाण्यात बोलावलं.

"चाचा, दगड तुम्ही नेले?"

"हाव साहेब."

"कोणासाठी?"

"ते नाही सांगत. होडी घ्या माही, पर ते इचारू नका."

पोटावर पाय येत असतानाही माणूस गप्प राहतो, तेव्हा तो कोणाला तरी जपत असतो. पण दगडांपायी कोणाला जपायचं? काही उमजेना.

पंचनाम्याला बेटावर गेलो तर गुंता वाढलाच. वरचे घडीव दगड जागच्या जागी, आणि खालून खोदून साधे, झिजलेले दगड काढलेले. असला कसला चोर? बरं, मालक कोण लिहायचा? पाटबंधारेवाले म्हणाले, धक्का आमचा नाही. गावकऱ्यांना विचारलं आणि फसलो.

"हा आमच्या भिंतीचा."

"काऊन बे, तुह्या बापाच्या घराले तं कुडाच्या भिंती होत्या!"

जो तो आपला दगड दाखवत सुटला. जमादारानं वैतागून लिहिणंच थांबवलं. त्या गलक्यात एकच म्हातारा गप्प उभा होता. एकाही दगडावर त्यानं हक्क सांगितला नाही. मी त्याला बाजूला घेतलं.

"बाबा, तुमचे दगड कोणते?"

"घरी चला साहेब. तिथं दाखवतो."

घरापुढे झिजलेल्या दगडांचा ओटा होता. त्यावर त्याची बायको तूर निवडत बसली होती.

"तिले आता काही समजत नाही," म्हातारा हळूच म्हणाला. "घरी जातो म्हणे, अन् पाण्याकडं निघे. दोनदा चाचानं गळ्याएवढ्या पाण्यातून काढली. मंग मी धक्क्यातून आपल्या जुन्या ओट्याचे दगडच काढून आणले. तवापासून कुठी गेली नाही."

मी मुद्देमाल जप्त करायला आलेला, आणि मुद्देमालावर म्हातारी बसलेली. अर्जदार सरपंच माझ्या मागेच उभा होता. तिनं त्याला ओळखलं. "काऊन रे, बैलांले पाणी पाजलं का?"

"पाजलं काकू," तो म्हणाला. त्याच्याकडे कित्येक वर्षं बैल नव्हते, ट्रॅक्टर होता. मग माझ्याकडे वळून म्हणाला, "साहेब, अर्ज वापस घेतो. धक्क्याले आमी दुसरे दगड टाकतो." चाचाच्या होडीचं नाव पुन्हा कोणी काढलं नाही.

म्हातारीचं लक्ष माझ्या वर्दीकडे गेलं. "साहेब, धरणाचं पाणी येणार म्हणते लोक. आमचं घर तं नाही ना जात?"

म्हातारा माझ्या तोंडाकडे बघत राहिला.

"नाही जात, आजी," मी म्हणालो.

उभी नोकरी लोकांकडून खरं वदवून घेण्यात गेली. त्या ओट्यापुढे मात्र मला गुन्हा कळेना, गुन्हेगार कळेना, आणि मी स्वतःच वर्दीत उभा राहून खोटं बोललो. त्याचं वाईट वाटलं नाही, अजूनही वाटत नाही. कायद्याला सगळंच कळतं असं मानू नये, एवढं त्या दिवशी शिकलो. म्हातारीनं समाधानानं मान हलवली आणि पुन्हा तूर निवडायला लागली.