बिनदुधाची

चहात दूध घालू नका, असं सांगणारी बाई आमच्या लोहाऱ्यात ती एकटीच. तिचं खरं नाव कुणी घेत नव्हतं. सगळं गाव तिला बिनदुधाची म्हणायचं, आणि ते तिला माहीत होतं.

ती शेजारच्या रिटायर मास्तरांची सून. लग्नानंतर पुण्यातच राहिलेली, इकडं फक्त दिवाळीला यायची. नवरा मोटारसायकलच्या अपघातात गेला, तेव्हा सासरी आली ती राहायलाच. मास्तरांच्या रस्त्याकडच्या खोलीत तिनं बर्गरचं हॉटेल काढलं. मांस नाही, अंडं नाही, दूध-तूप-लोणीसुद्धा नाही. मास्तर म्हणाले, "संक्रांतीपर्यंत बघू. नाही चाललं तर भावाला न्यायला बोलाव." भाऊ पुण्यात असायचा, वाईट नव्हता. पण ती म्हणायची, "तिथं मला काही काम नाही, आजी. नुसतं बसून मी मरेन."

माझी म्हैस व्याली तेव्हा मी तिला वाटीभर खरवस नेला. तिनं वाटी दोन्ही हातांनी घेतली, कपाळाला लावली आणि परत दिली. "आजी, हे रेडकाचं आहे. मी कसं खाऊ?"

मला राग आला. "रेडकू पिऊन उरलंय ते."

"उरलंय का उरवलंय?" तिनं विचारलं. हसून विचारलं, म्हणून मी भांडले नाही. दुसऱ्या कुणी विचारलं असतं तर वाटी डोक्यात घातली असती.

दूध ती सोयाबीनचं काढायची. आमच्याकडं सोयाबीन पोत्यांनी पिकतं, पण ते मिलला जातं. घरात कुणी त्याचं काही करत नाही. बाया दारात उभ्या राहून विचारायच्या, "अगं, सोयाबीनला आचळं कुठं असत्यात?" ती मिक्सरकडं बोट दाखवायची. बाया हसायच्या आणि पुढं जायच्या. कॉलेजची पोरं यायची, फोटो काढायची आणि "चीज न्हाय व्हय?" म्हणून निघून जायची.

संक्रांत जवळ आली तशी तिनं सगळं तिच्या आधीच्या एका सुट्टीवर लावलं. त्या दिवशी शाळेला सुट्टी, कचेरीला सुट्टी, मग लोक घरच्यांना घेऊन येतील, असा तिचा हिशेब. दारावर पाटी लावली. पाव लातूरहून एसटीनं मागवले. मी तेव्हा लेकीकडं अणदूरला होते, आदल्या संध्याकाळी परत आले. गुडघे धरले होते म्हणून सकाळी घरीच राहिले. बाहेर बघते तर ही नवी साडी नेसून दारात उभी, आणि रस्त्यावर कुत्रंसुद्धा नाही.

"कुणाची वाट बघतीस?"

"गिऱ्हाइकांची. आज सुट्टी आहे ना?"

"बाई, आज येळ अमावस्या हाय."

आमच्याकडं या दिवशी गावात माणूस राहत नाही. सगळे रानात जातात, तिथंच पूजा करतात, तिथंच जेवतात. ज्याला रान नाही त्याला दुसरा बोलावून नेतो. मास्तरही सकाळीच कुणाच्या तरी जीपमधून गेले होते.

"त्यांनी सांगितलं न्हाय?"

"म्हणाले, तुझं तू बघ."

त्या दिवशी तिला मी एकच गिऱ्हाईक. मी तो बर्गर भाकरीसारखा कुस्करला, कारण मला दात नाहीत. तिनं वर पातळ चटणी ओतून दिली. चांगला होता. मी तोंडावर कुणाचं कौतुक करत नाही, पण त्या दिवशी केलं. तिचं लक्ष रस्त्याकडं होतं.

दिवस मावळताना गाव परतलं. सगळ्यांची पोटं भरलेली, तिच्या दाराकडं कुणी बघितलं नाही. माझ्या पुतण्यानं रानातून माझ्यासाठी भज्जी, म्हणजे या दिवशीची मिसळीची भाजी, आणि आंबील आणली होती, ती घेऊन मी तिच्याकडं गेले.

"यात ताक आहे?"

"आंबिलीत हाय. भज्जीत न्हाय."

तिनं भज्जी खाल्ली. काय काय घातलंय, विचारलं. मी सांगितलं, तुरीचे दाणे, हरभरा, वाटाणा, चिंच, बेसन, रानातली भाजी. तिचा हात थांबला.

"आजी, हे सगळं मला चालतं. हे सगळ्या गावाला करता येतं?"

"येतं की."

"मग मी इतके दिवस यांना काय शिकवत होते?"

मी म्हणाले, आता हेच कर, मी दाखवते. तिनं नकाराची मान हलवली. मास्तरांनी तिच्या भावाला फोन करून बोलावलं होतं, हे तिला दुपारीच कळलं होतं.

भाऊ गाडी घेऊन आला आणि ती गेली. त्या खोलीत आता मोबाईलचं दुकान आहे. मास्तर डबा मागवून खातात आणि डब्याला नावं ठेवतात.

मागच्या महिन्यात मी नातीकडून पुण्याला फोन लावून घेतला.

"जेवायला काय केलंस?"

"वहिनी करते, आजी. मला ओट्याजवळ येऊ देत नाही. म्हणते, तुम्ही बसा."

"मग तू काय करतीस?"

"बसते."