चांदूरच्या फाटकापाशी चुन्याची रेघ

केशवराव मास्तरासारखा खुळा मानूस चांदूर रेल्वेत दुसरा झाला नाही. माही भाजीची पाटी फाटकापाशी, त्याचं घर समोर, म्हनून मले सारं ठाऊक.

बायको लवकर गेली. मंग यानं लेकीले, शकुनले, भाकर थापनं सोडून भलतंच शिकवलं. चालत्या बैलबंडीतून लिंबू सोडाले लावे. लिंबू मागं नाही राहे, चाकाच्या सोबतच पडे. मास्तर म्हने, "गतीचे दोन भाग कर शकुन, एक उभा, एक आडवा. उभा लिंबाले खाली आनते, आडवा बंडीच्या संगं नेते. एकाच्या कामात दुसरा नाक खुपसत नाही." पोरीच्या डोक्यात ते बरोबर शिरे.

लग्नात मानपानावरून तंटा झाला. मास्तरानं नागपूरच्या व्याह्याले चारचौघांत खोटारडा म्हटलं. झालं, शकुनचं माहेर तुटलं. हा भेटाले गेला तर दार लावून घेत.

मंग एक दिवस बशीर आला. तो नागपूर-अकोला गाडीत संत्री इके. शकुननं त्याच्याजवळ निरोप देला होता, "मी भल्ली बिमार हाये. परवा मेलगाडीनं अकोल्याच्या दवाखान्यात नेऊन राहिले. बाबाले म्हना, फाटकापाशी उभे राहा."

मेल चांदूरले थांबत नाही. एवढ्या खिडक्यांत लेक सापडावी कशी? मास्तरानं बशीरजवळच उलटा निरोप धाडला, "लाल रुमालात संत्रं बांध. फाटकाच्या खांबापाशी नुसतं सोड, फेकू नको."

त्या दिवशी त्यानं मातीत काटकीनं हिशेब केला, खांबापासून पावलं टाकली अन् गिट्टीच्या कडेले चुन्याची रेघ मारली. मले म्हने, "मनकर्णाबाई, संत्रं इथं पडन. त्याचा आडवा वेग गाडीचाच, म्हनून पडन तवा खिडकी बी माह्या समोरच असन. मले तिचं तोंड दिसन."

गाडी आली. लाल रुमाल सुटला. मी त्याच्या बाजूलेच होती. शकुन खिडकीत होती, गाल बसलेले, डोळे तेवढे उरलेले. बापाकडे पाहून राहिली होती पोरगी. अन् हा बाप खाली पाहून राहिला होता, रेघेकडे. संत्रं रेघेवर आदळून फुटलं. "बरोबर पडलं," तो म्हनला अन् मंग वर पाह्यलं. समोरून मागचे डबे जाऊन राहिले होते.

त्याच महिन्यात अकोल्याहून बशीर ती गेल्याची खबर घेऊन आला.

आता तो रोज पाटीपाशी येते. भाजी घेत नाही. इचारते, "खिडकीतून काही म्हनली का ती?"

"बाबा म्हनली," मी सांगतो.

तिनं दोनदा हाक मारली होती. ते सांगाची माही हिंमत होत नाही.