सरांनी मांडलेली सरासरी

"उभी राहा," सर म्हणाले. चर्चासत्राला सांगलीच्या कॉलेजचा हॉल भरलेला. मी उभी राहिले.

"बौद्ध वस्तीतल्या मुलांची बुद्धी सरासरीनं कमी भरली. ही मुलगी त्यांच्यातलीच. पण अपवाद."

टाळ्या पडल्या. माझ्यासाठी. अंगावर थुंकल्यासारख्या.

त्या बुद्धिचाचणीची उत्तरं मीच गोळा केली होती. साताऱ्याकडच्या गावांतून, एसटीनं, पायी. सर माझे पीएचडीचे मार्गदर्शक. त्यांच्या घरी मी जेवले होते. माझं ताट मला धुवायला लावलं नव्हतं. तेवढ्यावर मी विश्वास टाकला. बापावर टाकावा तसा.

चाचणीत एक प्रश्न होता. वाटेत तहान लागली, समोर विहीर दिसली, तर काय कराल? गावातली पोरं म्हणाली, पाणी काढून पिऊ. गुण मिळाला. आमच्या वस्तीतली एक पोरगी म्हणाली, "कुणी वाडंल तवर थांबीन." शून्य. असे प्रश्न आणखीही होते.

मी तेव्हाच सरांना म्हणाले, "ही पोरगी मठ्ठ नाही, सर. विहिरीला हात लावला तर मार बसतो, हे तिला ठाऊक आहे."

सरांनी शांतपणे समजावलं. बुद्धी डोळ्यांना दिसत नाही, उत्तरांवरून ताडायची. म्हणून एकच प्रश्न दोन्ही गटांत तीच गोष्ट मोजतो का, ते आधी तपासायचं. सारख्याच बुद्धीच्या दोन मुलांना निव्वळ गटामुळं वेगळे गुण पडत असतील, तर सरासऱ्यांची तुलनाच करता येत नाही. "तपासल्याशिवाय मी एक आकडा बोलणार नाही," म्हणाले.

मला हे त्यांनीच शिकवलं. त्यांनीच.

आणि आता या हॉलमध्ये, फळ्यावर दोन सरासऱ्या. शेजारीशेजारी.

"सर, प्रश्न तपासले का?"

"खाली बस. पाहुण्यांसमोर तमाशा नको. तुझं तर कौतुकच केलं ना?"

मी बसले नाही.

"ही तुलना खोटी हाय, सर. अन् तुमाला ते ठावं हाय."

मागं कुणीतरी माझ्या बोलीला हसलं. मी शब्द सुधारला नाही.

चार दिवसांनी सरांचा निरोप आला, दुसरा मार्गदर्शक बघ. कुणी घेतलं नाही. साताऱ्याला शाळेत नोकरी धरली. सुट्टी लागली की गावं फिरते, एकेक प्रश्न दोन्हीकडं पारखते. मार्गदर्शक नसला तर नसू दे.

न कळणारा माणूस चुकला असता, तर मी समजून घेतलं असतं. सरांना सगळं कळत होतं. हे मी छापणार. ते हयात असतानाच. त्यांच्या नावासकट.