हात लावू नये

काहीही विचारलं की आधी तोच प्रश्न आपल्याला परत ऐकवायची मॅडमची सवय होती. "म्हणजे तुला असं विचारायचंय, की…" असं म्हणायचं, चष्मा कपाळावर ढकलायचा आणि आपलाच प्रश्न झाडून पुसून आपल्या हातात ठेवायचा. आपण "हो" म्हटल्याशिवाय उत्तर मिळत नसे. चहा घेणार का, एवढं साधं विचारलं तरी "म्हणजे आत्ता, की तू खाली जाशील तेव्हा?" हे ठरलेलं. तोवर चहावाला पुढच्या मजल्यावर पोचलेला असे.

तुमच्याही ऑफिसात असं एखादं माणूस असेल, बघा. आमच्याकडे सगळे एकमेकांना नावानं हाक मारतात, मॅनेजरलाही अरे-तुरे चालतं. फक्त त्या मॅडम. त्यांनी तसं कधी सांगितलं नव्हतं, पण नुसतं नाव घ्यायला कुणाची जीभ रेटत नसे. इथेही मी नाव घेत नाही, त्यांना आवडायचं नाही.

एकदा ऑफिसातल्या बायका मॅडमच्या भाचीच्या लग्नासाठी साडी घ्यायला त्यांना हिंदमाताला घेऊन गेल्या. दुकानातल्या माणसानं विचारलं, कॉटन दाखवू का. मॅडमनी चष्मा वर केला आणि म्हणाल्या, "म्हणजे मला कॉटन हवी का, असं विचारताय, की तुमच्याकडे कॉटन पडून आहे म्हणून विचारताय?" तो माणूस म्हणे आधी गोंधळला, मग हसला आणि खरं काय ते सांगून मोकळा झाला. साडी चांगली मिळाली. पण त्यानंतर खरेदीला मॅडमना सोबत न्यायचं नाही असं बायकांनी आपापसांत ठरवून टाकलं.

आमचं ऑफिस करी रोडला, जिथे पूर्वी गिरणी होती तिथल्या एका नव्या इमारतीत. कामाचं थोडं सांगतो, घाबरू नका. रक्त-लघवी तपासणाऱ्या लॅबमधली यंत्रं एका बाजूला आणि डॉक्टरांच्या फोनवरचं अ‍ॅप दुसऱ्या बाजूला, यांना एकमेकांशी बोलायला लावणं हा आमचा धंदा. दोन प्रोग्रॅमना बोलायचं तर कुणी काय विचारायचं आणि उत्तर कोणत्या रूपात द्यायचं हे आधी एका फाइलीत लिहून ठरवावं लागतं. मॅडम त्या फाइलीला करार म्हणत, म्हणून आम्हीही तेच म्हणायचो. या करारावरून दोन्ही बाजूंचं कोड आपोआप लिहून देणारं एक टूल असतं. आमच्याकडचं टूल बाहेरून आणलेलं नव्हतं. कंपनी लहान होती तेव्हा ते मॅडमनी स्वतः बसून तयार केलं होतं.

त्या टूलनं लिहिलेल्या प्रत्येक फाइलीच्या डोक्यावर एक वाक्य असायचं: 'ही फाइल टूलने लिहिली आहे. हात लावू नये.' अगदी मराठीत. बाहेरगावाहून नोकरीला आलेली पोरं या वाक्याचा अर्थ विचारत आणि मॅडम तो प्रश्नाचीच उजळणी करून समजावून सांगत. कारण सरळ आहे. करार बदलला की टूल पुन्हा चालवायचं आणि ते जुनी फाइल पुसून नवी लिहिणार. मध्ये कुणी हातानं काही घुसवलं असेल तर तेही पुसलं जाणार. बदल करायचा तर करारात करायचा, सगळ्यांना विचारून, सगळ्यांच्या डोळ्यांसमोर.

आमचा संदेश लालबागचा, डॉक्टरांचं अ‍ॅप त्याच्याकडे. घाईत त्यानं एकदा अशा फाइलीत हातानं एक ओळ घातली. मॅडमना कुठून वास लागला कोण जाणे. त्याला शेजारी बसवून घेतलं, त्याच्या देखत टूल चालवलं आणि फाइल उघडून दाखवली. "बघ, गेली," एवढंच म्हणाल्या. मग बरेच दिवस त्याच्याशी कामापुरतंच बोलणं. शेवटी एका दुपारी स्वतःच डब्यातली घावनं त्याच्यापुढे सरकवली. त्यानंही मुकाट्यानं खाल्ली आणि विषय संपला, असं आम्हाला वाटलं.

पुढे कंपनी वाढली. नव्या भाषांत कोड लागायला लागलं, मॅडमच्या टूलला त्या येईनात. टूलची आतली वाट फक्त त्यांना ठाऊक. त्यांना डेंग्यू झाला तेव्हा सगळ्यांचं काम अडलं आणि त्या अंगात ताप असताना गिरगावातून फोनवर सांगत राहिल्या. तेव्हाच निखिलनं, म्हणजे आमच्या मॅनेजरनं, ठरवलं की जगभर वापरतात ते तयार टूल घ्यायचं. त्याचं काही चुकलं नाही. बदलाचं काम माझ्याकडे आलं आणि मी तीन ताड उडालो, कारण भांडण माझ्याच पदरात पडणार होतं.

पण भांडण झालं नाही. मॅडम रोज दुपारी खुर्ची ओढून माझ्याजवळ येऊन बसायच्या आणि जुन्या टूलच्या खाचाखोचा सांगायच्या. मी एकदा भीत भीत विचारलं, वाईट वाटत नाही का. त्यांनी प्रश्न परतवला, मी हो म्हटलं, मग म्हणाल्या, "टूल आहे रे ते, मी काही मुंज केलेली नाही त्याची." हसल्याही. फक्त बदलाची तारीख जवळ आली तसं त्यांचं बोलणं कमी झालं. डबा अर्धा परत जाऊ लागला. आम्ही आपलं म्हटलं, साहजिक आहे, स्वतःच्या हातानं उभं केलेलं मोडताना माणसाला लागतंच. तुम्हीही तेच म्हटलं असतं.

शेवटच्या मीटिंगला सगळ्या टीमची माणसं होती. निखिलनं लॅपटॉप मिटता मिटता विचारलं, "मॅडम, लास्ट. काही तुटणार नाही ना?"

"म्हणजे तुला असं विचारायचंय," मॅडम म्हणाल्या, "की माझं टूल बंद केलं तर कुणाचं काही बिघडेल का."

निखिल हो म्हणाला. मॅडमनी चष्मा खाली डोळ्यांवर घेतला आणि म्हणाल्या, "बिघडेल. एका लॅबचं."

निखिलनं माझ्याकडे पाहिलं, मी त्याच्याकडे. खोलीत सगळ्यांच्या मनात एकच आलं, की सुंभ जळला तरी पीळ जळत नाही, शेवटच्या घटकेला बाई टूल वाचवायला निघाल्या. मॅडमनी ते बरोबर ओळखलं. त्यांना आधीच ठाऊक असणार की आता तोंड उघडलं तर हेच वाटणार. म्हणून तर इतके दिवस अन्न गोड लागत नव्हतं.

मग त्यांनी सांगितलं ते असं. शीव कोळीवाड्यात एक छोटी लॅब आहे. तिथे हर्षदा नावाची तंत्रज्ञ सगळं एकटी बघते. लघवीत प्रथिन उतरतंय का हे तपासायचं तिथलं यंत्र जुनं आहे. गरोदर बायकांना ही तपासणी फार महत्त्वाची, प्रथिन वाढलं तर आई आणि मूल दोघांच्या जिवावर बेतू शकतं. त्या जुन्या यंत्राला लघवीत बुडवलेली तपासणीची पट्टी वाचता आली नाही तर ते तसं कबूल करत नाही, नुसतं शून्य पाठवतं. पट्टी नीट वाचली आणि प्रथिन नसलं तर ते 'निल' असा शब्द पाठवतं, पण आमच्याकडे निल काय आणि शून्य काय, दोन्हींचा अर्थ सगळं ठीक. काही वर्षांपूर्वी दिवस भरत आलेल्या एका बाईचा निकाल शून्य आला. हर्षदानं तिचे सुजलेले पाय पाहिले, तिला पटेना, म्हणून तिनं ऑफिसला फोन केला आणि तो मॅडमनी उचलला. यंत्र बदलायची लॅबच्या मालकाची ऐपत नव्हती. मॅडमनी त्याच दुपारी त्या लॅबच्या फाइलीत हातानं एक ओळ घातली, की इथून शून्य आलं तर ते शून्य धरू नये, निकाल मिळाला नाही असं डॉक्टरला कळवावं. आणि ती ओळ पुसली जाऊ नये म्हणून आपल्या टूलला शिकवून ठेवलं, एवढी एक फाइल सोडून दे.

खरी जागा करारात होती. पण करार बदलायचा तर सगळ्या टीमना पटवायचं, त्यात आठवडे गेले असते, म्हणून त्या वेळेपुरतं केलं. नंतर नीट करू म्हटलं. पण हात लावू नये हे वाक्य त्यांनी त्याच सुमारास सगळ्या फाइलींच्या डोक्यावर छापलं होतं. तो नियम आपणच मोडलाय, हे मग कुणाला सांगणार?

"टूल बंद करा," त्या म्हणाल्या. "उद्या करायचं तर उद्या करा. पण नवीन टूल ती फाइल पुसून टाकेल, आणि कोळीवाड्यातल्या बायकांना पुन्हा सगळं ठीक आहे म्हणून सांगेल. ती ओळ करारात घ्या. मी इतकी वर्षं ती लपवली, ते माझं चुकलं."

निखिल शहाणा. त्यानं एवढंच सांगितलं की सगळ्या टीम तयार असतील तर बदल घेऊ, तयारी मॅडमनी करून घ्यावी. दुसऱ्या दिवसापासून मॅडम टेबलाटेबलापाशी जाऊ लागल्या. ज्या माणसांना त्यांनी या एका नियमावरून झापलं होतं त्यांच्याकडेच आता मागणं घेऊन जायचं होतं. 'निकाल मिळाला नाही' अशी एक वेगळी जागा करारात हवी, तुमच्या बाजूला एवढं एवढं काम वाढेल, चालेल का? एक-दोघांनी टोमणा मारला. मॅडमनी तो ऐकून घेतला. मला ते बघवत नव्हतं, खरं सांगतो.

संदेशकडे त्या सगळ्यात शेवटी गेल्या. आम्ही कान तिकडे लावून कीबोर्ड बडवत बसलो. संदेशनं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "मॅडम, माझी लाइन पुसली ना तुम्ही, त्या दिवशी मी घरी जेवलो नव्हतो."

"माहीत आहे मला," मॅडम म्हणाल्या.

"तुमची नाय पुसणार आपण," संदेश म्हणाला. "बोला, काय टाकायचं?"

मॅडमनी चष्मा काढून पदरानं पुसला. पुसायला जरा जास्तच वेळ घेतला. मग दोघं स्क्रीनकडे तोंड करून कामाला लागली.

करार बदलला, नवं टूल सुरू झालं, कोळीवाड्यातून आलेलं शून्य नीट ओळखलं जाऊ लागलं. उरलं होतं जुनं टूल काढून टाकणं. मी मॅडमना विचारलं, तुम्ही काढता का. त्यांनी या खेपेला माझा प्रश्न परतवला नाही. म्हणाल्या, "मी जेवायला जाते, तेवढ्यात तू कर." जेवून आल्या, कॉम्प्युटर उघडला आणि नव्या टूलची माहिती वाचत बसल्या. झालं का, असं त्यांनी विचारलं नाही आणि मीही सांगितलं नाही. मला त्या दिवशी फार वाईट वाटलं. माझंच टूल कुणी काढलं असतं तर मी एवढा सरळ बसू शकलो नसतो.

पुढे काही महिन्यांनी त्या निवृत्त झाल्या आणि अलिबागला बहिणीकडे राहायला गेल्या. निरोप समारंभ नको म्हणाल्या. नुसते पेढे वाटले आणि बसनं घरी गेल्या. फोन करतो कधीमधी, पण त्यांना कामाशिवाय फोनवर बोलायला आवडत नाही हे तुम्ही एव्हाना ओळखलं असेल.

मागच्या हिवाळ्यात एका दुपारी खालून निरोप आला, कुणी बाई मॅडमना भेटायला आल्या आहेत. ती हर्षदा होती. आवाज फोनवर ऐकलेला, माणूस पहिल्यांदा पाहत होतो. मॅडमनीही तिला कधी पाहिलं नव्हतं, दोघींचं सगळं फोनवरच. हातात स्टीलचा मोठा डबा, त्यात भरलेली पापलेटं. अंगावर ठेवणीतली साडी होती.

तिच्या वहिनीला दिवस गेले होते. तपासणीला आली, यंत्राला पट्टी वाचता आली नाही आणि डॉक्टरच्या फोनवर आलं, निकाल मिळाला नाही, नमुना पुन्हा घ्या. वहिनी कुरकुरत दुसऱ्या दिवशी परत आली. त्या नमुन्यात प्रथिन खूप निघालं. डॉक्टरनं घरी जाऊच दिलं नाही. मुलगी झाली, वजन थोडं कमी आहे पण दोघी घरी आल्या. "पहिल्या दिवशी ठीक आलं असतं ना, तर ती परत आलीच नसती," हर्षदा म्हणाली. "तिला आधीच लॅबचा कंटाळा." हे तिला मॅडमना समोर बसून सांगायचं होतं.

मी तिला सांगितलं, मॅडम आता इथे नाहीत. डबा अलिबागला पोचवायचं संदेशनं आपणहून कबूल केलं, उद्या शनिवारच आहे, सकाळच्या लाँचनं जाऊन येतो म्हणाला. तरी तिचा पाय निघेना. त्या कुठे बसायच्या, असं तिनं विचारलं.

मी तिला आत नेलं. मॅडमच्या जागी आता एक नवा मुलगा बसतो, तो न सांगता उठून बाजूला झाला. हर्षदा टेबलाशी उभी राहिली. टेबलाकडे पाहिलं, मग खिडकीतून बाहेर पाहिलं, या बाजूला आणि त्या बाजूला मान वळवून नीट पाहिलं.

"इथनं आमचा कोळीवाडा दिसत पन नाय," ती म्हणाली.

नाही दिसत, मी म्हटलं. समोर टॉवर आहे. आणि तो नसता तरी एवढ्या लांबचं दिसलं नसतं.