शंभर दिवस चेहरा नाही

माझ्या बापाचा घरात एकच फोटो आहे आणि त्यात त्यानं निळा कोट घातलेला आहे. लाल टाय आहे. मागं बर्फाचे डोंगर. बापानं जन्मात कोट घातला नाही. पायजमा, बंडी आणि हिवाळ्यात खांद्यावर एक चादर, एवढाच त्याचा पेहराव. तो गेला तेव्हा घरभर शोधलं, तर कोणाच्या तरी लग्नातल्या घोळक्यात मागं उभा असलेला तेवढा सापडला. स्टुडिओवाल्यानं तिथून मुंडकं कापलं, त्याच्याकडच्या तयार कोटावर चिकटवलं, आणि पुण्यानुमोदनाच्या दिवशी आम्ही त्या कोटवाल्यापुढं मेणबत्त्या लावल्या. यात कोणाला काही वावगं वाटलं नाही. आमच्या केनवडात निम्म्या घरांच्या भिंतीवर वारलेली माणसं अशीच कोट घालून बसली आहेत.

मायनं मात्र तो फोटो खाली उतरवून मांडीवर घेतला, बराच वेळ पाहिला, आणि परत लावायला माझ्याकडे दिला.

"तोंड त्यायचंच हाय," ती म्हणाली, "पन मानूस थो नाई."

मग दोन दिवसांनी भाकरी थापताथापता म्हणाली, "माहा फोटो मी हाय तवरच काढ वो बाई. चांगला मोठा. भितीवर लाव. मले माह्या डोयानं पाहू दे."

मायनं माझ्याकडे आयुष्यात फार काही मागितलं नाही. माझं लग्न झालं नाही, का झालं नाही ते सांगत बसत नाही, पण त्यावरूनही तिनं मला कधी टोचलं नाही. रिसोडच्या पोस्टात मी नोकरीला. सकाळी एसटीनं जायचं, संध्याकाळी यायचं, घरात आम्ही दोघीच. तिला एक फोटो हवा होता. एवढं तर मी करू शकत होते की नाही?

मोबाईलमध्ये तिचे फोटो नव्हते असं नाही. कोणाच्या साक्षगंधात कोपऱ्यात उभी, डोळे मिटलेले. कोणाच्या जेवणावळीत तोंडात घास. आधार कार्डावर तर ती नुकतीच विहिरीतून काढल्यासारखी दिसते. भिंतीवर लावावा असा एक नाही. म्हणून मी वाशीमला जाऊन एका लग्नाच्या फोटोग्राफरचा जुना कॅमेरा विकत घेतला. म्हटलं, यंत्र चांगलं असलं की फोटो चांगला येणारच. घरी आले, मायला दारात उभं केलं, मागं लख्ख ऊन, आणि दाबलं बटण. पडद्यावर मायच्या जागी नुसता काळा डाग.

"अवो माय!" ती पदर तोंडाला लावून हसत सुटली. "हे तं भाजेल वांगं हाय!"

तेव्हा मीही हसले. मग मात्र मला चेव आला. आता शिकल्याशिवाय तिचा फोटो काढायचा नाही, असं मी तिथंच ठरवलं. हा सगळा शहाणपणा माझाच.

वाशीमला एक निवृत्त चित्रकलेचे सर दर रविवारी फोटोग्राफी शिकवायचे. आम्ही अकराजण होतो. रोज सकाळी मोबाईलवर एक काम यायचं, संध्याकाळी सहाच्या आत त्याचा एकच फोटो ग्रुपवर टाकायचा, आणि रविवारी सर ते भिंतीवर मोठे करून दाखवत एकेकाची चामडी सोलायचे. पहिल्याच दिवशी त्यांनी नियम सांगितला.

"चेहरा फुकट असतो," ते म्हणाले. "चेहरा दिसला की बघणारा त्याच्याकडं बघतो, तुमच्या कामाकडं कोणी बघत नाही. पहिले शंभर दिवस चेहरा नाही. एकशेएकाव्या दिवशी टाका, कोणाचा टाकायचा त्याचा."

मी घरी येऊन मायला सांगितलं की एकशेएकाव्या दिवशी तुझा.

"शंभर दिवस? तवर मी काय लोनच्यावानी मुरत बसू?"

"मुर. चांगली लागशील."

ती बडबडत राहिली, पण रविवारच्या दिवशी मी वाशीमहून आले की ती पांढरं लुगडं नेसून, केसांना तेल लावून दारात बसलेली असायची. पौर्णिमेला विहारात जायचं ते लुगडं. बसायची फक्त.

कामं पोरखेळ वाटावीत अशी होती. एकच बादली दहा अंतरांवरून काढा. पांढऱ्यावर पांढरं काढा. एका जागी सात दिवस, एकाच वेळी उभे राहा आणि काय बदललं ते काढा. नुसती सावली काढा. पहिले तीन आठवडे सरांनी मला झोडपलं. "हा फोटो नाही बाई, हा पंचनामा आहे," असं ते सगळ्यांदेखत म्हणाले तेव्हा मला जमिनीत गडप व्हावंसं वाटलं. पण रोज करता करता हात वळतोच. दुपारचं ऊन माणसाला खातं आणि दारातून आडवं येणारं ऊन त्याला घडवतं, हे कळलं. थांबायचं कसं ते कळलं. कॅमेरा डोळ्याला लावायच्या आधीच चौकट दिसायला लागली. एसटीच्या खिडकीतून तुरीचं वावर दिसलं तरी मी मनात कडा कापत बसायची.

आणि काढायला माणूस कोण? मायच. दिवसभर घरात तीच. मी तिचे हात काढले, टाचेच्या भेगा काढल्या, मानेवरचा अंबाडा काढला, भिंतीवर पडलेली सावली काढली, उंबऱ्यावर ठेवलेलं पाऊल काढलं. ती कंटाळून जायची.

"मी पांढरं लुगडं नेसून बसली अन् तू हात काढून राह्यली?"

"माय, हात म्हणजे पण तूच ना."

"मंग भितीवर हातच लावजो."

शेजारची बाई भिंतीवरून डोकावून म्हणायची, "काय वो, मायले तुकड्या-तुकड्यानं काढून राह्यली का? जोडीन कोन मंग?" आम्ही तिघीही हसायचो.

पन्नास-साठ दिवस झाले असतील. तुरीच्या शेंगा सोलणारे मायचे हात मी टाकले होते. रविवारी तो फोटो भिंतीवर आला. सर खुर्चीवरून उठून जवळ गेले, चष्मा वर केला. "जमलं तुम्हाला," एवढंच म्हणाले. बाकीचे दहाजण माझ्याकडे वळून पाहत होते. बेचाळीस वर्षांच्या बाईला असं कोणी काही म्हणत नाही हो. परतीच्या एसटीत मला जागा मिळाली नाही, केनवडपर्यंत उभी राहिले, तरी पाय दुखल्याचं आठवत नाही. घरी माय दारात बसली होती, पांढऱ्या लुगड्यात. संध्याकाळचं ऊन अगदी आडवं, तिच्या उजव्या गालावर. असा उजेड वर्षातून मोजून दहा दिवस येतो. मी तो ओळखला. कॅमेरा माझ्या गळ्यात होता.

"आज तरी?" ती म्हणाली.

"अजून चाळीस दिवस, माय."

तिनं लुगड्याच्या निऱ्या झटकल्या आणि चहा ठेवायला आत गेली. हे मला आठवतं आणि मी अंथरुणात असले तर उठून बसते. कोणता राक्षस शिरला होता माझ्यात? नियम पाळणाऱ्या पोरीसारखी मी वागत होते, पहिल्या बाकावर बसून हात वर करणाऱ्या. नियम मोडला तर मजा जाईल, एकशेएकावा दिवस बाटेल, असलं काहीतरी डोक्यात घेऊन.

अठ्ठ्याऐंशीव्या दिवशीचं काम होतं, वाफ. दिसत नाही ते दाखवा, वारा किंवा वाफ. सकाळची वेळ, माय ओट्यावर बसून बशीतून चहा पीत होती. मी तिच्यापुढं गुडघे टेकून बसले. चौकट हनुवटीच्या खाली कापली, कारण चेहरा नको. बशी, हात, वाफ, मागं अंधारं दार. फार सुंदर वाफ होती. मग बशीच्या काठावरून चहाचा एक थेंब ओघळला. मी दाबलं. आणखी ओघळला, धार लागली, लुगड्यावर तपकिरी डाग पसरत गेला. मी दाबत राहिले. एक, दोन, तीन, चार. मला वाटलं, वा! काय मिळालं! बशी हातातून निसटून फुटली तेव्हा मी कॅमेरा खाली घेतला आणि तिचं तोंड पाहिलं.

डावी बाजू खाली आली होती. ओठाच्या कोपऱ्यातून चहा गळत होता. ती मला काहीतरी सांगत होती आणि तिचं तिलाच कळत होतं की बोलणं बाहेर येत नाही. डोळे मात्र सगळे तिचेच होते.

वाशीमच्या दवाखान्यात डॉक्टरांनी विचारलं, किती वाजता झालं? लकव्याला वेळेचं फार असतं, नक्की सांगा. मी कॅमेरा उघडून पाहिलं, फोटोखाली वेळ येते. पहिला थेंब आणि फुटलेली बशी यांत तीन मिनिटं होती. तीन मिनिटं माझी माय माझ्यासमोर बसून मोडत होती आणि मी फोकस पाहत होते. डॉक्टर म्हणाले, तीन मिनिटांनी काही बिघडलं नाही, तुम्ही वेळेवरच आणलं. ते भले माणूस आहेत. त्यांचं खरंही असेल. मला कोणी पुसू नये.

माय वाचली. हात परत आला, पाय बराचसा आला, बोलणं जड झालं पण समजतं. तोंड आलं नाही. घरी आल्यावर तिनं पहिल्यांदा देवळीतला आरसा उलटा करून ठेवला. पदराचं टोक दातात धरून अर्धं तोंड झाकायची सवय लावून घेतली. विहारात जाणं सोडलं. शेजारची बाई आली तरी भिंतीकडे तोंड करून बोलायची. त्या बाईनं एकदा बाहेर जाताना मला धरलं आणि रडली.

ग्रुप मी सोडला नव्हता, फक्त उघडत नव्हते. एकशेएकावा दिवस गेला. त्या दिवशी उघडून पाहिलं, तर दहा चेहरे. कोणाची बायको, कोणाचा आजा, कोणाची दीड वर्षाची पोरगी जांभई देताना. सगळे चांगले होते. मी मोबाईल पालथा घातला.

आठवडाभरानं सर स्वतः आले, हातात केळी घेऊन, एसटीनं. मायशी दोन शब्द बोलले, ती भिंतीकडे पाहत हं हं म्हणाली. मी त्यांना अंगणात आणलं आणि मग माझा तोल गेला. म्हातारा माणूस, पाहुणा, त्यांचं वय काही पाहिलं नाही. म्हटलं, तुमच्या शंभर दिवसांनी माझं वाटोळं केलं. अठ्ठ्याऐंशी दिवस ती नटूनथटून बसत होती माझ्यापुढं आणि मी तिच्या टाचा काढत होते. तुमचा नियम ठेवा तुमच्यापाशी.

सरांनी मला बोलू दिलं. मग चष्मा काढून सदऱ्याला पुसत अगदी हळू म्हणाले, "बाई, मी चेहरा ग्रुपवर टाकू नका म्हणालो होतो. घरी आईचा फोटो काढायला तुम्हाला कोण नाही म्हणालं?"

मी उभी होते ती तशीच ओट्यावर बसले. खरं होतं. कोणीच नाही म्हणालं नव्हतं. बाकीचे दहाजण घरी चेहरे काढतच असणार. शंभर दिवसांचा कोरडा उपास धरून बसलेली मी एकटीच होते, आणि तो मला कोणी सांगितला नव्हता. सर गेले ते मला कळलं नाही. केळी मायनं शेजारी वाटून टाकली.

त्यानंतर कॅमेरा कपाटात गेला. चार महिने तरी गेले असतील. एका रविवारी दुपार कलताना माय दाराशी डाळ निवडत होती, मी कपडे घडी घालत होते. तिनं सूप बाजूला सारलं.

"आन तो," ती म्हणाली. तिचे शब्द आता ओले, जड येतात.

"काय?"

"कॅमेरा आन. काढ एक."

मी आणला. अंगावर घरातलंच विटलेलं हिरवं पातळ होतं, ते बदलू का म्हटलं तर नको म्हणाली. मी तिला दाराच्या आडव्या उजेडात बसवलं. उजव्या गालावर उजेड येईल आणि डावी बाजू सावलीत राहील, अशी जागा मी शोधली. मला ते आता येत होतं. इतकं बेमालूम लपवता आलं असतं की कोणाला कळलंही नसतं.

"अशी जरा वळ, माय."

"नाई," ती म्हणाली. "समोरून."

तिनं दातातलं पदराचं टोक सोडलं. मी थांबले. तिनं माझ्याकडे पाहिलं, आणि मग हसण्याचा प्रयत्न केला, अर्धा जमला, अर्धा नाही, आणि तो जमला नाही हे तिला कळलं त्या क्षणी मी बटण दाबलं. एकच फोटो काढला. अठ्ठ्याऐंशी दिवस ज्यासाठी घासले तो हाच. उजेड, डोळे, कातडीवरची एकेक रेघ, सगळं जागच्या जागी. त्याच्यापेक्षा चांगला फोटो मी कधी काढला नाही आणि काढणार नाही.

तिच्या शेजारी बसून तिला दाखवला. तिनं पदरानं कॅमेऱ्याची काच पुसली, पुन्हा पाहिला. खूप वेळ पाहिला. मग कॅमेरा माझ्या मांडीवर ठेवला, पदराचं टोक परत दातात धरलं आणि सूप ओढून घेतलं.

"लय चांगला आला," ती म्हणाली. "कोनाले दाखवू नको."