मुळावरच्या पोरीचा बाप

"बाप हाय त्यो, चोर न्हवं! आज गाडीत बसला की वरीसभर यायचा न्हाई. एकदा लेक मांडीवर द्या की त्याच्या, काकी."

"सत्तावीस दिवस म्हंजी सत्तावीस दिवस, मंगल. भटजीकडनं शांत करून घेतल्याबिगर मुळावरच्या पोरीचं तोंड बापानं बघायचं न्हाई. आज चौदावाच हाय. तुझं काय जातंय बोलाय?"

चंद्राबाई बाळंतिणीच्या खोलीच्या दारात आडवी बसली होती. आत तिची सून शिवांजली पोरीला पाजत होती. बाहेर सोप्यात लेक वीरधवल, फौजी गडी, बॅगेचे पट्टे आवळत होता. आठ दिवस रजेवर येऊन त्यानं त्या खोलीत पाऊल टाकलं नव्हतं.

मंगल ही मलकापूरच्या कडेच्या त्या वस्तीची आशाताई. तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या दिवशी बाळंतिणीच्या घरी जायचं, बाळ झोळीत घालून तोलायचं, ताप बघायचा, हे तिचं चौदा वर्षांचं काम. पण कागदावर ज्याला रकाना नाही असंही एक ती बघायची: बाप पहिल्यांदा पोर घेतो तेव्हाचे त्याचे हात. कुणी तापला तवा धरल्यासारखं धरी, कुणाची कोपरं लटलट कापत. रोज पिऊन पडणारा लालासाहेब तर पोराच्या कानाशी अर्धा तास पुटपुटत बसला होता. मंगलच्या नवऱ्यानं मात्र स्वतःची लेक तीन महिन्यांनी उचलली, तीही फोटोवाला दारात आला म्हणून. ती क्रांती आता नर्सिंग शिकते. बापाचा फोन आला की "घे, तूच बोल" म्हणून आईच्या हातात देते.

या घरातली गाठ मंगलच्याच हातून बसली होती. शिवांजली वाटेत अँब्युलन्समध्येच मोकळी झाली. घड्याळ एकट्या मंगलच्या मनगटावर. "दुपारचं चार दहा," तिनं ठसक्यात सांगितलं. भटजींनी पंचांग बघून सांगितलं, मूळ साडेचारपर्यंत होतं.

आजवर तिनं एक खोटा आकडा लिहिला नव्हता.

"काकी, चूक माझी हाय. घड्याळ चाळीस मिनटं मागं हुतं, मला मागनं कळलं. पोर चार पन्नासला झाली."

चंद्राबाईनं तिच्या डोळ्यांत डोळे घालून बघितलं. "घे क्रांतीची शपथ."

मंगलनं गळ्याला चिमटा लावला. "घेतली."

म्हातारी गुडघ्यावर हात टेकून उठली, दारातून बाजूला झाली आणि पुटपुटली, "मला का हौस हुती व्हय? दुसरी बी पोरगीच म्हटल्यावर त्यानंच तिकडनं फोन केला. आई, मूळ-बीळ हाय का इचार म्हणाला भटजीला."

मंगलनं वळून खोलीत बघितलं. शिवांजलीनं ते ऐकलं होतं. टाके सांभाळत ती उठली, भिंतीला धरत उंबऱ्यापर्यंत आली आणि दुपट्यातली पोर तिनं पुढं केली. पोरीनं एवढीशी जांभई दिली.

"मूळ न्हवतंच म्हणं. घ्या."

सवयीनं मंगलची नजर त्याच्या हातांकडं गेली. ते बॅगेच्या पट्ट्यावर होते.

"आवं, घ्या की," शिवांजली म्हणाली. "का आजून काय इचारायचं ऱ्हायलंय भटजीला?"

वीरधवलनं बॅग खांद्यावर टाकली, वाकून आईच्या पायाला हात लावला आणि रस्त्याकडं तोंड करून निघून गेला.