दहापैकी चार

दादा, म्हणजे माझा थोरला भाऊ, विद्यापीठात गणित शिकवतो आणि उरलेल्या वेळात जगाला गुण देतो. लग्नपत्रिका आली की आधी तिच्यातल्या चुकांना लाल पेनाने गोल करतो, मग तारीख बघतो. वहिनीच्या भाजीलाही गुण पडतात. इतक्या वर्षांच्या संसारात तिला साडेसातच्या वर कधी मिळालेले नाहीत, आणि दादाच्या मते तोही उच्चांकच आहे. विद्यापीठातली मुलं त्याला पाठीमागे 'लाल पेन' म्हणतात. त्याला ते माहीत आहे आणि आवडतंही, फक्त दाखवत नाही.

त्याच विद्यापीठात मी भाषा शिकवते. यंदा वरिष्ठांनी माझ्या गळ्यात एक ब्लॉग बांधला. शिक्षकांनी तास संपला की त्यावर लिहायचं, आज काय जमलं, काय फसलं, का फसलं. वाचणार आपण आपणच. विद्यार्थी नाहीत, साहेब नाहीत. बाकीच्यांनी खाली दोन शब्द लिहायचे, म्हणजे वर्गात आपण एकटेच गटांगळ्या खात नाही एवढं तरी प्रत्येकाला कळेल. कल्पना चांगली होती. सगळे आले तसा दादाही आला.

त्याच्या स्वतःच्या नोंदी एकाच साच्यातल्या. 'घटक पूर्ण. अडचण नाही.' पुढच्या आठवड्यात पुन्हा, 'घटक पूर्ण. अडचण नाही.' खरा उत्साह दुसऱ्यांच्या नोंदींखाली. तिथे तो तपासायचा. इतिहासाच्या सरांना 'विषयांतर फार, सहा'. रसायनाच्या मॅडमना 'मुद्दा चांगला, परिच्छेद पाडा, सात'. लोक हसून सोडून द्यायचे, कारण दादावर रागावायची आमच्याकडे कोणाला सवयच नाही.

मग धाकट्या मॅडमनी लिहिलं. त्या गणित विभागात नुकत्या लागलेल्या, कधी काळी दादाच्याच वर्गात बसलेल्या. लिहिताना त्यांनी काही हातचं राखलं नव्हतं. भरल्या वर्गात सिद्धता मांडता मांडता मध्येच डोकं रिकामं झालं. फळा पुसायचं निमित्त करून त्यांनी पाठ फिरवली आणि पुसायला काही उरलं नाही तरी पुसत राहिल्या. मागून कोणीतरी हसलं. अर्धा तास शिल्लक असताना त्या वर्गाबाहेर पडल्या. शेवटी लिहिलं होतं, 'हे काम मला जमेल असं वाटत नाही.'

मी उत्तर लिहायला बसेपर्यंत दादा येऊन गेला होता. 'वर्णन ठीक. कारणमीमांसा नाही. शेवट घाईत उरकला आहे. दहापैकी चार.'

मी कपाळाला हात लावला. त्यानंतर ब्लॉगवर सगळ्यांचीच दातखीळ बसली. त्याच आठवड्यात धाकट्या मॅडम माझ्या खोलीच्या दारात येऊन उभ्या राहिल्या.

"मॅडम, माझं नाव ब्लॉगवरून काढा. सत्र संपलं की मी नोकरीही सोडतेय."

"त्या चार गुणांसाठी?"

"सर खोटं कुठे बोलले? ते कधी अडले नाहीत. अवघड सिद्धता अर्ध्यावर आणून मुद्दाम सोडायचे आणि म्हणायचे, उरलेलं घरी करून या. आम्ही झटून करायचो. त्याला शिकवणं म्हणतात. मी नुसता फळा पुसला."

'उरलेलं घरी करून या' हे वाक्य आमच्याकडे सगळ्यांना पाठ आहे. दादाची नक्कल करणारी मुलं सुरुवात त्यानेच करतात.

संध्याकाळी मी तडक दादाच्या घरी गेले. तो जेवणाच्या टेबलावर पेपर तपासत होता आणि वहिनी शेजारी मटार सोलत होती. मी चहासुद्धा घेतला नाही, आधी त्याला चांगलं फैलावर घेतलं.

"चार म्हणजे काही नापास नव्हे," दादा म्हणाला.

"ती नोकरी सोडतेय, दादा. तुझ्यासारखं शिकवता येत नाही म्हणून. तू म्हणे सिद्धता मुद्दाम अर्धी सोडायचास आणि उरलेलं घरी करून या म्हणायचास."

वहिनीचे हात थांबले. ती हसायला लागली आणि डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसली.

"अहो, सांगा की वन्संना. उरलेलं घरी कोण करत होतं ते."

दादाचे कान लाल झाले. त्याने पुढचा पेपर ओढला, म्हणून वहिनीनेच सांगितलं. नोकरीच्या पहिल्या वर्षी तो फळ्यापाशी अडला. काही सुचेना, म्हणून ते वाक्य तोंडातून निघून गेलं. घरी आला तो बूटही न काढता कागद घेऊन बसला. "वाढलेलं ताट गार झालं, वन्सं. आणि एकदाच नाही हो. पुढे ती रीतच पडली."

"हे लिही," मी म्हणाले.

"वेड लागलंय का तुला? मुलं काय म्हणतील?"

"मुलं वाचत नाहीत. ती वाचते."

तो पेपरांकडे वळला, पण पेनाचं टोपण काही काढलं नाही. मला त्याची दया आली. थोडी मजाही वाटली, खोटं कशाला बोलू.

दोन दिवसांनी दादाची नोंद आली. 'घटक अपूर्ण,' अशी सुरुवात होती. 'नोकरीच्या पहिल्या वर्षी एक सिद्धता मांडताना मी मध्येच अडलो. खडू खिशात टाकला आणि सांगितलं, उरलेलं घरी करून या. विद्यार्थ्यांना वाटलं, मी त्यांना विचार करायला लावतोय. तो समज मी कधी दूर केला नाही. पुढे अनेकदा अडलो, दर वेळी तेच वाक्य वापरलं. परवा एका शिक्षिकेने खरं लिहिलं, तर मी तिला चार गुण दिले. मी स्वतः तेवढंही कधी लिहिलं नव्हतं. ही नोंद तिने तपासावी, ही विनंती.'

दिवसभर खाली कोणी काही लिहिलं नाही. दादाचे मला सारखे फोन. ब्लॉग बंद तर पडला नाही ना, म्हणून. मी म्हटलं, निकालाला वेळ लागतो.

दुसऱ्या दिवशी दुपारी उत्तर आलं. मी दादाच्या खोलीत गेले, तर तो चष्मा कपाळावर चढवून, नाक पडद्याला टेकवून तेच वाचत होता.

'सुरुवात प्रामाणिक. मात्र मुलांनी ते घरून करून आणल्यावर सर त्यांच्याकडून काय शिकले, हे लिहिलेलं नाही. पुढच्या सत्रात हा घटक मीच शिकवणार आहे, तेव्हा उत्तर पूर्ण हवं. दहापैकी चार. उरलेलं घरी करून या.'

"पाच तरी द्यायला हवे होते," दादा म्हणाला.

"चार म्हणजे काही नापास नव्हे."

संध्याकाळी वहिनीचा फोन आला. "वन्सं, आल्यापासून बूट न काढता लिहीत बसलेत. ताट गार झालं." ती रागावलेली मात्र वाटली नाही.